भिंतीचे कान आणि न्यायासन

भिंतीला कान असतात, ही म्हण मराठी माणसाने सावधगिरीचा इशारा म्हणून जपली. ते कान पुढे न्यायालयात साक्षही देतील, ही कल्पना म्हण घडविणाऱ्यांस नव्हती. ध्वनिमुद्रणाच्या फितीने ते घडवून आणले. भारतात याविषयीचा कायदा विधिमंडळाने घडविला त्याहून अधिक न्यायालयांतील खटल्यांनी घडविला आणि त्यांतील दोन महत्त्वाचे खटले मुंबईच्या लाचखोरीचे आहेत.

पहिल्यात महानगरपालिकेच्या एका कारकुनाला शंभर रुपयांची लाच देऊ करण्यात आली होती. त्याने पोलिसांना कळविले. त्याच्या राहत्या घरी ध्वनिग्राहक लपविण्यात आला, पोलीस आतल्या खोलीत दबा धरून बसले आणि पाहुण्याचे बोलणे फितीवर उतरले. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने ही फीत छायाचित्रासारखाच पुरावा मानली. आरोपीला बोलावयास कोणी भाग पाडले नव्हते. तेव्हा स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती झाली, असे म्हणता येत नव्हते. मात्र फीत पुसता येते, तिच्यावर पुन्हा मुद्रण करता येते, म्हणून ती जपून पारखावी, अशी ताकीदही न्यायालयाने दिली.

दुसरा खटला मुंबईच्या कॉरोनरचा, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचा. १९६४ साली एका रुग्णाच्या मृत्यूच्या प्रकरणात त्याने डॉक्टरकडे लाच मागितली. मध्यस्थ असलेल्या दुसऱ्या डॉक्टरच्या टेलिफोनला, त्याच्याच संमतीने, पोलिसांनी यंत्र जोडले. १८८५ च्या तार कायद्याचा हा भंग होय, असा आक्षेप निघाला. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाची संमती आहे, मग भंग कसला, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली ठरविले. निरपराध नागरिकाच्या टेलिफोनवरील बोलण्याला मात्र न्यायालये संरक्षण देतील, असेही त्याच निकालात म्हटले आहे. पण निरपराध कोण, हे बोलणे ऐकल्यावाचून कळावयाचे कसे? ही अडचण निकालाने तशीच सोडली.

लाचेच्या सापळ्यात शोभणारे हे यंत्र पुढे संसारात शिरले. हैदराबादेस आंध्र प्रदेश उच्च न्यायालयापुढे २००७ साली एक घटस्फोटाचे प्रकरण आले. पत्नी आपल्या आईवडिलांशी आणि मैत्रिणींशी जे बोलली, ते पतीने चोरून मुद्रित केले होते. त्या बोलण्यात पती कोठेच नव्हता. तो केवळ ऐकणारा तिसरा होता. न्यायालयाने त्याला खडसावले आणि तो पुरावा नाकारला.

२०१७ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार ठरविला, तेव्हा चोरून केलेली मुद्रणे आता न्यायालयाबाहेरच राहणार, अशी अनेकांची समजूत झाली. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०२१ साली तसे म्हटलेही. पतीने पत्नीशी झालेले स्वतःचेच संभाषण तिला न कळविता मुद्रित केले होते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये तो निकाल फिरविला. पतिपत्नींच्या बोलण्याला पुरावा कायद्याने दिलेले संरक्षण विवाहसंस्थेसाठी आहे आणि त्यांच्याच आपसांतील दाव्यात ते लागू होत नाही, हे त्याचे मुख्य कारण. एकमेकांवर पाळत ठेवण्यापर्यंत मजल गेली, तर विश्वास आधीच उडालेला असतो, हेही न्यायमूर्तींनी नोंदविले. कारकुनाच्या खोलीतला तर्कच येथे पुन्हा दिसतो. फरक इतकाच की, त्या खोलीत पाहुणा क्षणभर आला होता आणि येथे दोघे एकाच छपराखाली राहत होते. दावा भटिंड्याच्या कुटुंब न्यायालयाकडे परत गेला.