राइट टू डिस्कनेक्ट म्हणजे काय? ऑफिस सुटल्यावर बॉसच्या मेसेजला उत्तर द्यावंच लागतं का?

ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री साडेनऊला मेसेज येतो. वाचला तर ब्लू टिक दिसते आणि नाही वाचला तर सकाळी बोलणी खावी लागतात. यावर काही देशांनी कायदा केला आहे. त्यालाच ‘राइट टू डिस्कनेक्ट’ म्हणतात. कामाची वेळ संपल्यावर आलेले कॉल, मेसेज आणि ईमेल न बघण्याचा किंवा त्यांना उत्तर न देण्याचा हा हक्क.

कुठे काय नियम आहे?

- फ्रान्स (२०१७ पासून): ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना या विषयावर कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी वाटाघाटी कराव्या लागतात.
- पोर्तुगाल (२०२१ चा कायदा): इथे जबाबदारी मालकावर आहे. तातडीचं कारण नसेल तर त्यानेच कर्मचाऱ्याला विश्रांतीच्या वेळेत त्रास द्यायचा नाही.
- ऑस्ट्रेलिया (२६ ऑगस्ट २०२४ पासून): बॉस मेसेज पाठवू शकतो, पण कर्मचारी उत्तर द्यायला नकार देऊ शकतो. १५ पेक्षा कमी कर्मचारी असलेल्या व्यवसायांना हा नियम एक वर्षानंतर लागू झाला.

ऑस्ट्रेलियातही नकार ‘अवाजवी’ नसावा. संपर्काचं कारण काय, कर्मचाऱ्याचं पद कोणतं, जादा वेळेचे पैसे मिळतात का, घरची जबाबदारी किती, हे सगळं पाहिलं जातं. वाद कामाच्या ठिकाणी मिटला नाही तर ‘फेअर वर्क कमिशन’कडे जाता येतं.

भारतात काय?

भारतात असा केंद्रीय कायदा अजून नाही. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत यासाठी खासगी विधेयक मांडलं. पण विधेयक मांडलं म्हणजे कायदा झाला असं नाही. त्यामुळे ‘मला कायद्याने हक्क आहे’ असं बॉसला सांगायची घाई करू नका.

मग फोनमध्ये काय करता येईल?

- ग्रुप अर्काइव्ह करा: नोटिफिकेशन बंद होतात. मात्र कोणी तुम्हाला मेन्शन केलं किंवा तुमच्या मेसेजला रिप्लाय दिला तर कळतं.
- डू नॉट डिस्टर्ब: रोजची वेळ ठरवून लावा आणि घरच्यांच्या कॉलना परवानगी द्या.
- वर्क प्रोफाइल: ऑफिसने तुमच्या अँड्रॉइड फोनवर दिलं असेल तर सुट्टीच्या वेळी ते ‘पॉज’ करा. ऑफिसची अॅप्स तेवढा वेळ बंद राहतात.
- ब्लू टिक बंद करून भागत नाही: ग्रुपमध्ये मेसेज कोणी वाचला ते तरीही दिसतं.

सेटिंगमुळे फोन शांत होईल, पण उत्तर न दिल्याबद्दल बोलणी बसणार नाहीत याची खात्री मिळणार नाही. म्हणून नोकरी स्वीकारतानाच विचारून घ्या: कामाची वेळ किती ते किती, तातडीचं काम म्हणजे नेमकं काय आणि त्यासाठी मेसेज येणार की कॉल? उत्तर ईमेलवर लेखी मिळालं तर उत्तम, कारण पुढे वाद झालाच तर दाखवायला तेवढंच हाताशी असतं.