मक्ता दिला कुणी?

परवा चहाच्या टपरीवर वाद झाला. मोठ्या कंपन्या सरकारने फोडाव्यात की नाही? आमच्यातल्या एकाने गेल्या वर्षी मोबाईलचं दुकान बंद केलं. त्याला जो हँडसेट होलसेलमध्ये ज्या भावात पडायचा, त्याहून कमी भावात गिऱ्हाईकाला तो ऑनलाइन मिळायचा. तो म्हणाला, "फोडल्याच पाहिजेत." दुसरा म्हणाला, "लोकांना स्वस्त मिळतंय ना? मग तू कशाला रडतोस?" मी गप्प बसलो. उत्तर लांबलचक होतं, म्हणून ही पोस्ट. थोडी मोठी आहे, सांभाळून घ्या.

गोष्ट रॉकेलची आहे. १८७० साली जॉन डी. रॉकफेलरने अमेरिकेत क्लीव्हलँडला स्टँडर्ड ऑइल कंपनी काढली. घराघरात रॉकेलचे दिवे जळायचे तो काळ. माणूस हिशोबाला पक्का, कारखाना काटकसरीने चालवणारा. त्याच्या काळात रॉकेल खरंच स्वस्त झालं, हे आधीच मान्य करतो.

पण तो नुसत्या काटकसरीवर मोठा झाला नाही. १८७२ साली रेल्वे कंपन्यांशी एक गुप्त करार ठरला. त्यासाठी 'साउथ इम्प्रूव्हमेंट' नावाची कंपनी पुढे केली. तिला सनद दिली होती पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने. रॉकफेलरच्या गटाला मालभाड्यात सूट, शिवाय इतर तेलवाले जे जादा भाडं भरतील त्यातलाही वाटा यांनाच! म्हणजे माल तुमचा, भाडं तुमचं आणि पैसे पडणार स्पर्धकाच्या गल्ल्यात. बोभाटा झाला, तेलवाले पेटून उठले, सनद रद्द झाली. करार अमलात आलाच नाही. पण त्या धास्तीतच क्लीव्हलँडच्या २६ पैकी २२ रिफायनऱ्या त्याच्या पदरात पडल्या. पुढच्या दहाएक वर्षांत देशातलं ९० टक्क्यांच्या आसपास तेलशुद्धीकरण त्याच्या हातात गेलं.

मक्तेदारीविरोधी शर्मन कायदा १८९० साली आला. पण नुसत्या कायद्याने काय होतं? १९०२ पासून आयडा टार्बेल या पत्रकार बाईंनी 'मॅक्लूअर्स' मासिकात स्टँडर्ड ऑइलची कुंडली मांडली. कोर्टातल्या साक्षी, चौकशी समित्यांचे कागद, सगळं खणून काढलं. १८७२ च्या त्या धुमाळीत त्यांचे वडीलही पोळलेले तेलवालेच होते. १९०६ मध्ये सरकारने खटला भरला. १५ मे १९११ रोजी सुप्रीम कोर्टाने निकाल दिला आणि कंपनीचे ३४ तुकडे झाले.

रॉकफेलर बुडाला का? उलट तुकड्यांचे शेअर वधारले आणि तो आणखी श्रीमंत झाला. त्यातल्याच दोन कंपन्यांच्या वारसदार, एक्सॉन आणि मोबिल, १९९९ मध्ये पुन्हा एक झाल्या. एकदा फोडलं की काम संपलं, असं नसतं. आणि हे सगळं लांबचं वाटत असेल तर ऐका. ट्रॉम्बेची रिफायनरी १९५४ साली सुरू केली ती याच घराण्यातल्या स्टॅनव्हॅकने. पुढे ती एस्सोकडे आली, १९७४ मध्ये सरकारने ताब्यात घेतली आणि त्यातून हिंदुस्थान पेट्रोलियम झाली. आपल्या स्टँडजवळच्या एचपी पंपाचं मूळ हे!

आपणही कायदा केला होता. १९६९ चा एमआरटीपी. त्याने मोजलं काय, तर आकार. २० कोटींच्या वर मालमत्ता असलेल्या उद्योगसमूहाला विस्तारासाठी दिल्लीची परवानगी. झालं काय, की जे आधीच बाजारात बसले होते त्यांना परवाना राजच्या कुंपणात नवा स्पर्धकच आला नाही. १९९१ मध्ये ती अट गेली. २००२ च्या स्पर्धा कायद्यात मोठं असणं हा गुन्हा नाही, मोठेपणाचा गैरवापर हा गुन्हा आहे. त्याच कायद्याच्या कलम २८ मध्ये कंपनीचं विभाजन करण्याची तरतूदही आहे. म्हणजे हत्यार आहे, कपाटात आहे.

माझं मत सांगतो. कंपनी मोठी आहे म्हणून फोडू नये. पण ज्या रस्त्यावरून सगळ्यांना जावं लागतं तो रस्ता आणि त्या रस्त्यावरचं दुकान, दोन्ही एकाच मालकाचं असेल तर ते वेगळं करावंच. काल तो रस्ता रेल्वेचा होता, आज मोबाईलच्या स्क्रीनवरचा आहे. ही पोस्टसुद्धा तुमच्यापर्यंत कुणाच्या तरी मालकीच्या रस्त्यानेच आलीय.

टपरीवरच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच, की आज स्वस्त मिळतंय हे खरं, पण उद्या दुसरं दुकानच उरलं नाही तर भाव कोण ठरवणार?

आणि आपला शब्द बघा, मक्तेदारी. मक्ता कुणी आपला आपण घेत नाही, तो कुणीतरी द्यावा लागतो. रॉकफेलरच्या त्या कंपनीला सनद विधिमंडळाने दिली होती आणि लोक उठल्यावर त्याच विधिमंडळाने ती काढून घेतली. म्हणून "सरकारने मध्ये पडावं का" हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. सरकार आधीपासूनच मध्ये आहे. ते कुणाच्या बाजूने आहे, एवढंच विचारायचं राहिलंय.