खेळ तोच, देश वेगळा

जपानी मुले चिकाटीची, अमेरिकन मुले मारामारीची हौशी, कोरियन मुले खेळाने झपाटलेली. व्हिडिओ गेमचा विषय निघाला की अशी विधाने सहज केली जातात. शिक्षकांच्या खोलीतही ती ऐकू येतात. परंतु या खेळांचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास पाहिला, तर देशोदेशीच्या फरकांमागे लोकांच्या स्वभावापेक्षा यंत्राची किंमत, सरकारचे नियम आणि टेलिफोनच्या तारा यांचा वाटा मोठा दिसतो.

१९७२ साली अमेरिकेत अटारी कंपनीचा 'पाँग' आला. पडद्यावर दोन उभ्या रेघा आणि त्यांच्यामध्ये उसळणारा एक ठिपका, एवढाच तो खेळ. पुढील दहा वर्षांत तेथे हा उद्योग भराभर वाढला आणि १९८३ मध्ये तितक्याच वेगाने कोसळला. दुकाने निकृष्ट खेळांनी भरली होती. न खपलेला माल अटारीने न्यू मेक्सिकोतील एका कचरा डेपोत पुरला. २०१४ साली त्यातला काही भाग उकरून काढण्यात आला. त्याच १९८३ मध्ये जपानमध्ये निन्टेन्डो कंपनीने फॅमिकॉम हे यंत्र १४,८०० येन किमतीला आणले. मूळची ही १८८९ सालची पत्ते बनवणारी कंपनी. अमेरिकेतील दुकानदार व्हिडिओ गेमचे नाव काढू देत नव्हते, म्हणून १९८५ मध्ये तेथे हेच यंत्र एका खेळण्यातल्या यंत्रमानवासह विकायला ठेवले गेले.

फॅमिकॉमचे खेळ प्लॅस्टिकच्या बंद डबीत येत. डबी बसवायची आणि खेळायचे. खेळाच्या आत डोकावण्याची सोय मुलाला नव्हती.

ब्रिटनमधील मुलांच्या हाती वेगळे यंत्र पडले. एप्रिल १९८२ मध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने झेडएक्स स्पेक्ट्रम हा छोटा संगणक आणला. १६ किलोबाइट स्मृतीच्या संगणकाची किंमत होती १२५ पौंड. तो घरच्या टीव्हीला जोडता येई आणि खेळ साध्या टेपरेकॉर्डरवरून, ध्वनिफितीतून त्यात भरता येई. चालू केल्यावर हा संगणक आपणहून काहीच खेळवत नसे. बेसिक भाषेतील आज्ञेची वाट पाहत थांबे. मासिकांतून खेळांच्या आज्ञावल्या छापून येत. मुले त्या ओळीओळीने टंकित करत, कुठे चूक झाली ते शोधत आणि मग जरा बदल करून पाहत. बीबीसीनेही संगणक साक्षरतेची योजना आखली होती. तिच्यासाठी तयार झालेला बीबीसी मायक्रो शाळाशाळांत पोचला. याचे फळ लवकरच दिसले. १९८३ चा गाजलेला 'मॅनिक मायनर' मॅथ्यू स्मिथ या किशोरवयीन मुलाने लिहिला. १९८४ चा 'एलीट' केंब्रिजमधील डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांचा.

आता दक्षिण कोरिया पाहू. १९१० ते १९४५ हा देश जपानच्या अंमलाखाली होता. त्यामुळे स्वातंत्र्यानंतर जपानी सांस्कृतिक वस्तूंच्या आयातीवर बंधने आली; ती १९९८ पासून टप्प्याटप्प्याने उठली. तोवर जपानी यंत्रांना तेथे हातपाय पसरता आले नाहीत. १९९७ मध्ये आर्थिक संकट आले. नोकऱ्या गेलेल्या अनेकांनी 'पीसी बांग', म्हणजे ताशी भाड्याने संगणक देणारी दुकाने थाटली. सरकारने वेगवान इंटरनेटच्या जाळ्यावर भर दिला. नेमक्या त्याच वेळी, १९९८ मध्ये, 'स्टारक्राफ्ट' हा अमेरिकन खेळ बाजारात आला.

प्रयोगशाळेत आपण एक घटक कायम ठेवतो आणि दुसरा बदलतो. इतिहासाने इथे जवळजवळ तसाच प्रयोग करून ठेवला आहे. खेळ एकच. अमेरिकेत तो मुख्यतः घरच्या संगणकावर खेळला गेला. कोरियात तो मित्रांच्या घोळक्यात, शेजारी बसलेल्याचा खेळ बघत खेळला गेला. बघणारे होते म्हणून स्पर्धा आल्या, २००० मध्ये खेळांना वाहिलेली केबल वाहिनी आली आणि व्यावसायिक खेळाडू आले. अर्थात हा प्रयोग काटेकोर नव्हे, कारण बदललेले घटक एकाहून अधिक आहेत. पण केवळ स्वभावाने हा फरक समजत नाही, एवढे नक्की.

कायद्यांचा अनुभवही बोलका आहे. २०११ मध्ये कोरियाने १६ वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळ बंद केले. मुले दरम्यान मोबाइलकडे वळली; त्या खेळांना हा नियम लागू नव्हता. १ जानेवारी २०२२ पासून तो रद्द झाला. चीनने २००० साली टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रांवर बंदी घातली, ती २०१५ मध्ये देशभर उठली. मधल्या काळात मुले संगणकावरील ऑनलाइन खेळांत रमली होती. बंदीने खेळ थांबला नाही, त्याचे यंत्र बदलले.

आपल्याकडे २०१६ नंतर मोबाइलवरचे इंटरनेट स्वस्त झाले आणि असंख्य घरांत फोन हाच पहिला संगणक ठरला. स्पेक्ट्रमप्रमाणे तो आज्ञेची वाट पाहत नाही. ब्रिटनलाही ही उणीव जाणवली. संगणकशास्त्राला येणाऱ्या मुलांचा आज्ञावली लिहिण्याचा सराव कमी झाल्याचे केंब्रिजमधील अध्यापकांच्या लक्षात आले. त्यातून २०१२ मध्ये 'रास्पबेरी पाय' हा पत्त्याएवढा स्वस्त संगणक निघाला. तो काढणाऱ्यांत 'एलीट'वाले ब्रेबनही होते.

तेव्हा वर्गात 'किती वेळ खेळता?' या प्रश्नाबरोबर आणखी दोन प्रश्न विचारून पाहावेत. कोणाबरोबर खेळता? आणि या खेळात तुम्हाला एक नियम बदलता आला, तर कोणता बदलाल? 'स्क्रॅच'सारख्या मोफत प्रणालीत असा छोटा बदल मुलांना प्रत्यक्ष करून पाहता येतो. शाळेत एकच संगणक असला तरी चालेल. मुलांनी त्याच्याभोवती घोळका करावा.