खर्ड्याच्या आधीची पत्रं: बातमी कळणं आणि बातमी समजणं

माझा मावसभाऊ जामखेडला राहतो. यंदा त्याने आयबीच्या एसीआयओ परीक्षेचा फॉर्म भरला आणि लगेच मला फोन केला. "ताई, तू पेशवाईतले हेर शोधतेस ना? मग सांग, या नोकरीत पहिल्या दिवशी माणूस करतो तरी काय?"

त्याच्या डोक्यात वेषांतर, पाठलाग आणि पिस्तूल होतं. मी म्हटलं, "कागद वाचतो." तो हिरमुसला. म्हणून हा लेख, आणि उदाहरण त्याच्याच तालुक्यातलं.

जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला 11 मार्च 1795 रोजी मराठे आणि निजाम अली यांच्यात लढाई झाली. दोन्हीकडची फौज लाखाच्या घरात. मराठ्यांचे सेनापती परशुरामभाऊ पटवर्धन. रात्री निजामाच्या छावणीत घबराट उडाली, तो खर्ड्याच्या गढीत शिरला आणि कोंडला गेला. काही दिवसांत तह झाला. दौलताबादेसह मोठा मुलूख आणि रोकड कबूल झाली, शिवाय निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क मराठ्यांच्या ताब्यात आला. शाळेत आपण एवढंच शिकतो.

पण माझ्या कामाचा भाग त्या तारखेच्या आधीचा आहे. हैदराबादेत पेशव्यांचे वकील होते गोविंदराव काळे. इथे वकील म्हणजे कोर्टातला नव्हे, दरबारातला प्रतिनिधी. थकलेल्या चौथाईची बोलणी करणं हे त्यांचं उघड काम. दुसरं काम म्हणजे दरबारात जे दिसतं, जे कानावर येतं, ते पुण्याला नाना फडणविसांना कळवणं. ग्रँट डफने नोंदवलंय की मुशीरुल्मुल्कने भर दरबारात, हिशेब द्यायला नानांनी जातीने इथे यावं, अशी भाषा केली. आपण सहज म्हणतो, अपमान झाला म्हणून युद्ध झालं. पुण्यात बसलेल्या माणसापुढचा प्रश्न वेगळा होता: ही नुसती फुशारकी आहे, की यामागे तयारी आहे?

तयारी ओळखायची कशी? अशा बातमीपत्रांत कोण कोणाला एकांतात भेटलं, शिपायांचा पगार चुकता झाला का, तोफांना बैल जमवलेत का, डेरे बाहेर पडले का, असल्या बारीकसारीक गोष्टी असतात. एकेक नोंद वाचली तर कंटाळवाणी वाटते. चार एकत्र ठेवल्या की चित्र उभं राहतं. आणि सगळ्यात मोठा प्रश्न होता इंग्रजांचा. निजामाच्या पदरी कंपनीच्या पलटणी होत्या. त्या मराठ्यांवर चालून येणार का? गव्हर्नर जनरल जॉन शोअर तटस्थ राहिला आणि त्या पलटणी या लढाईत उतरल्या नाहीत. तो तसा राहील का, याचा अंदाज मात्र आधीच बांधायला लागतो.

आता 'पहिला दिवस'. तेव्हा परीक्षा नव्हती. घराणं आणि भरवसा, हीच भरती. दिल्लीची वकिली हिंगणे घराण्यात पिढ्यान् पिढ्या चालली. कारकुनीत शिरणारा पोरगा उमेदवार म्हणून बसायचा: मोडी वळणदार करायची, हिशेब शिकायचा, कोणाला कोणता मायना लिहायचा ते पाठ करायचं, मोठ्यांच्या पत्रांच्या नकला उतरायच्या. पत्र नेणारे जासूद वेगळे, ठरावीक मुदतीत पोचवायचं असेल तर अजुरा ठरवून धाडलेला अजुरदार वेगळा.

नकला उतरताना एक गोष्ट हाताला लागत असणार, असं मला वाटतं. जुन्या पत्रांत पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवलेलं दिसतं. 'बोलवा आहे' म्हणजे अफवा, लोक बोलतात. पक्की बातमी आल्यावर मागाहून लिहितो, अशा अर्थाची वाक्यंही येतात. मला तरी या धंद्याचं मूळ कौशल्य हेच वाटतं: आपल्याला किती खात्री आहे, हे वरिष्ठाला प्रामाणिकपणे सांगणं.

त्याची किंमत नानांना ठाऊक होती. वडील गेल्यावर पोरवयातच फडणिशी त्यांच्याकडे आली आणि एकोणिसावं वर्ष चालू असताना ते पानिपतावर होते. ऑक्टोबर 1760 मध्ये भाऊसाहेब कुंजपुऱ्याकडे असताना अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली. मराठ्यांना ते उशिरा कळलं, आणि दक्षिणेची वाट तुटली. नाना तिथून जीव वाचवून परतले, पण त्यांची आई परतली नाही. पुढे आयुष्यभर त्यांनी बातमीचं जाळं जपलं, त्यात या अनुभवाचा वाटा नसेल असं म्हणवत नाही.

इथे थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती. पण खर्ड्यानंतर काही महिन्यांतच नानांना आणखी एक बातमी मिळाली: तरुण पेशवे सवाई माधवराव नजरकैदेतल्या बाजीरावाशी गुप्त पत्रव्यवहार करतायत. बातमी खरी होती. नानांनी मध्यस्थाला कैदेत टाकलं, बाजीरावावरचा पहारा कडक केला आणि पेशव्यांना खडसावलं. 25 ऑक्टोबर 1795 ला पेशवे शनिवारवाड्यात वरून खाली पडले आणि 27 ला गेले. उडी की अपघात, यावर आजही वाद आहे. वारसाच्या भांडणात खर्ड्याची बहुतेक कमाई वर्षभरात हातची गेली, आणि कैदी मुशीरुल्मुल्क मोकळा होऊन परत गेला.

म्हणजे पानिपतावर बातमी उशिरा आली, म्हणून घात झाला. शनिवारवाड्यात ती वेळेवर आली, खरीही होती, तरी घात झाला. एकवीस वर्षांच्या पोराने चोरून पत्रं का लिहिली, हा प्रश्न मागेच राहिला. पत्र पकडता येतं. त्यामागचं मन वाचायला दुसरी नजर लागते.

भावाला हे सगळं सांगितलं. त्याचा प्रश्न साधा होता: "मग त्या पत्रं लिहिणाऱ्या कारकुनांची नावं?" बहुतेकांची माहीत नाहीत, म्हटलं. वकिलाचं नाव राहतं, सेनापतीचा पोवाडा होतो, अक्षर मात्र कोणाचं ते कळत नाही. या नोकरीत हे आधीच कबूल करून बसावं लागतं.

तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "परीक्षेत निबंध आहे. तो जमेल असं वाटतंय."

म्हटलं, लिही. फक्त पाहिलेलं कुठलं आणि ऐकलेलं कुठलं, ते वेगळं ठेव.