छावणी स्थिरावली, चंदी तशीच राहिली

1810 साली दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली ती कायमची, आणि त्याच छावणीचं पुढे लष्कर नावाचं शहर झालं. आदल्याच वर्षी टॉमस ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी याच फौजेबरोबर राजपुतान्यात फिरत होता. त्याच्या पत्रांतून दिसते ती राजधानी नसलेली, बाजारासह मुक्कामामागून मुक्काम हलणारी छावणी. अशी फौज एका जागी बसली की इतिहासकार तिथले वाडे, पेठा आणि देवळं मोजू लागतात. पागेतल्या जनावरांना हे बसणं कसं मानवलं असेल, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. माझं म्हणणं असं की घोडा पोसण्याची आपली रीत चालत्या फौजेसाठी घडली होती. तिच्यातला घातक अंश रोजच्या कूचाने जिरत असे. चाल संपल्यावरही तोबरे तसेच भरले जात राहिले, आणि घोड्याला जागेवर खिळवणाऱ्या लॅमिनायटिस या आजाराला याहून सोयीची परिस्थिती मिळणं कठीण.

हा खुराचा आजार असला तरी त्याचं मूळ बहुतेक वेळा पोटात असतं. खुराचं कवच आतल्या हाडाला सुमारे सहाशे पातळ पापुद्र्यांनी जखडलेलं असतं. त्या पापुद्र्यांचा दाह झाला की ही पकड सैल होते, आणि अंगाच्या भाराने हाड आतल्या आत फिरतं किंवा खाली धसतं. घोडा पुढचे पाय पुढे टाकून सारा भार मागच्या पायांवर घेतो, एक पाऊल टाकायलाही राजी होत नाही. एकाएकी खूप धान्य खाण्यात आलं तर न पचलेलं पिष्ट मोठ्या आतड्यात आंबतं आणि त्यातून हा दाह उद्भवतो. दुसरी वाट अधिक संथ आहे. लठ्ठ, बसून राहणाऱ्या घोड्याच्या रक्तात इन्सुलिन वाढत जातं, आणि नुसतं तेवढंही पुरतं. 2007 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी निरोगी तट्टांच्या रक्तातलं इन्सुलिन दीर्घकाळ चढतं ठेवलं, तेव्हा त्यांना हाच आजार झाला. धान्य आणि घोड्याचं आजारपण यांचं नातं मात्र जुन्यांना ठाऊक होतं. जव जास्त झाल्याने येणाऱ्या दुखण्याचा उल्लेख इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या झेनोफनने आणि अ‍ॅरिस्टॉटलनेही केला आहे.

आपल्याकडे घोड्याला काय घालत असत? आईन-ए-अकबरीत बादशहाच्या खास घोड्यांचा शिधा नोंदलेला आहे. धान्याशिवाय दोन शेर पीठ, दीड शेर साखर, आणि हिवाळ्यात ओलं गवत मिळेपर्यंत अर्धा शेर तूप. ग्वाल्हेर आग्र्याच्या दारातलं, तेव्हा ही दरबारी चव तिथे अनोळखी नव्हती. दक्षिणेतली चंदी साधी, हरभऱ्या-कुळथाची. पण घोडा चमकदार आणि गुबगुबीत दिसला पाहिजे ही हौस दोन्हीकडे सारखीच. 1300 च्या सुमाराचा इराणी इतिहासकार वस्साफ याने समुद्रमार्गे हिंदुस्थानात आलेल्या घोड्यांची जी हकीकत लिहिली आहे, ती मला या साऱ्या प्रकरणाची किल्ली वाटते. तो सांगतो की इथले लोक घोडा चाळीस दिवस दोरखंडांनी मेखांना बांधून खाऊ घालतात, तो लठ्ठ व्हावा म्हणून, आणि मग कसलीही तालीम न देता राक्षसासारखे त्याच्यावर बसतात. परदेशी माणसाची तुच्छता यात आहेच. पण भरपूर खाणं, हालचाल शून्य आणि मग एकदम दौड हा क्रम त्याने अचूक टिपला आहे.

मराठी फौजेने हा क्रम बराचसा मोडला. दसऱ्याला निघून पावसाळ्यापर्यंत मुलुखगिरी, कधी वैरण भरपूर तर कधी नुसतं रानातलं वाळलं गवत, असं त्या घोड्याचं वर्ष असे. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी. शिलेदाराचा घोडा मेला तर त्याची रोजीच बुडे, म्हणून तो जनावर सांभाळून वापरी. इथे कोणी म्हणेल, पावसाळ्याचे चार महिने घोडे छावणीत उभेच असत, मग तेव्हा खूर कसे शाबूत राहिले? आक्षेप वाजवी आहे. याचं उत्तर शिवाजी महाराजांच्या चिपळूणजवळच्या लष्कराला गेलेल्या प्रसिद्ध पत्रात सापडतं. दाणा आणि वैरण पावसाळाभर पुरेल अशा बेताने वापरा, आधीच उधळलीत तर पुढे घोडे मरतील आणि तुम्ही रयतेला नाडाल, अशी ताकीद त्यात आहे. पत्रातली चिंता टंचाईची आहे, खुरांची नव्हे. पण घोडा उभा असताना तोबरा मोजून भरायचा हा नियम त्यातून आपोआप घडला. काटकसरीने पथ्याचं काम केलं.

ग्वाल्हेरला कूच आणि काटकसर ही दोन्ही बंधनं सुटत गेली. 1817 च्या तहाने पेंढाऱ्यांविरुद्ध इंग्रजांना साथ देणं शिंद्यांवर आलं आणि मोकळ्या मुलुखगिरीचे दिवस सरले. 29 डिसेंबर 1843 रोजी महाराजपूर आणि पनियार इथे एकाच दिवशी पराभव झाल्यावर पुढच्या जानेवारीत आणखी एक तह झाला. दरबारची फौज नऊ हजारांवर जाऊ नये आणि त्यात पायदळ तीन हजारांहून अधिक नसावं, असं त्यात ठरलं. इंग्रजांना धास्ती होती ती शिंद्यांचा युरोपी सेनानी द बॉयन याच्या परंपरेतल्या कवायती पलटणींची आणि तोफांची. घोडेस्वार त्यांना निरुपद्रवी वाटले. म्हणजे हजारो स्वार ठेवायला मुभा राहिली, आणि त्यांनी जायचं कुठे हा प्रश्नही राहिला. मिरवणूक, दसऱ्याची स्वारी, शिकार. बाकीचे दिवस आगाडी-पिछाडी आणि मोतद्दाराचा खरारा.

यावर दोन आक्षेप येतील, आणि ते हलके नाहीत. पहिला म्हणजे हरभरा जवाइतका धोक्याचा नाही. खरं आहे, त्यात पिष्ट कमी आणि प्रथिनं जास्त. शिवाय घसियारे मुळासकट खणून आणत ती हरळी उष्ण प्रदेशातली. युरोपी कुरणांतल्या गवतासारखी ती फ्रुक्टान नावाची साखर साठवत नाही. म्हणूनच इंग्लंडमधल्या तट्टाला वसंतात नुसतं कुरण बाधतं तसं ग्वाल्हेरच्या घोड्याला बाधलं असेल असं मी म्हणणार नाही. इथला धोका गवतात कमी आणि वरून घातलेल्या गूळ, साखर, पीठ यांत जास्त. दुसरा आक्षेप असा की कूचाने घोडा सुरक्षित राहतो म्हणणं हे स्वप्नरंजन आहे, कारण कठीण रस्त्यावरच्या सततच्या धक्क्यांनीही हाच आजार होतो. तोही मान्य. पण ते दुखणं अति श्रमाचं, आणि फौजेचा सरदार ते डोळ्यांनी पाहू शकत असे. उभ्या घोड्याचं दुखणं मात्र कौतुकात दडतं. मानेवर चरबीची वळी चढलेला घोडा पाहून दरबारात वाहवा होते, आणि आजचा पशुवैद्य तिथेच सावध होतो.

ग्वाल्हेरमध्येच याची उलट बाजूही दिसते. 1889 नंतर इंग्रजांच्या मदतीसाठी संस्थानांच्या इम्पिरियल सर्व्हिस फौजा उभ्या राहिल्या, तेव्हा दरबारने स्वारांबरोबर तट्टांचं वाहतूक दलही दिलं, आणि ते 1895 मध्ये चित्रळला, 1897 मध्ये तिराहच्या मोहिमेवर गेलं. त्या तट्टांना थंडी, कडेकपारी आणि ओझं सोसावं लागलं, पण चरबी साठवायला सवड नव्हती. माधवराव शिंद्यांनी 1905 मध्ये सुरू केलेल्या ग्वाल्हेरच्या मेळ्यात जनावरांचा बाजार भरू लागला. अशा बाजारात गिऱ्हाईक आधी अंगाची गोलाई बघतं. खूर उचलून बघणारा विरळा.

आज चालण्याचा उपाय उलट्या वेळी केला जातो, हे मात्र सांगायलाच हवं. चाल हा आजार येऊ नये म्हणून आहे. एकदा खूर तापले, नाडी ठणकू लागली की घोड्याला हाकून मोकळा करण्याची जुनी समजूत हाडाला आणखी खाली ढकलते. तेव्हा मऊ अंथरूण, पहिले दोन-तीन दिवस बर्फाच्या पाण्यात पाय, आणि धान्य पूर्ण बंद. पुढे वैरण तोलूनच द्यायची, वजनाच्या साधारण दीड टक्का, आणि तीही वैद्याच्या देखरेखीखाली, कारण एकदम उपाशी ठेवणंही लठ्ठ तट्टाला घातक ठरतं. वाळलं गवत भिजवून ते पाणी फेकून दिलं तर त्यातली बरीच साखर निघून जाते. हरभरा भिजवल्याने तो चावायला मऊ होतो, त्यातलं पिष्ट मात्र तसंच राहतं. लग्नसराईत आठ दिवस मिरवून उरलेला काळ खुंट्याला उभ्या राहणाऱ्या वरातीच्या घोडीला चणे-गूळ चारणाऱ्या मालकाला हा फरक कोणी तरी सांगायला हवा, आणि तो सांगायची सर्वांत चांगली संधी दर सहा आठवड्यांनी तिचा खूर हातात घेणाऱ्या नालबंदाला असते.