टेबल टेनिस: मुंबईत एका बॅटने उलटवलेल्या खेळाची गोष्ट, त्याचे नियम आणि खेळण्याच्या शैली

१९५२ चा फेब्रुवारी महिना. टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा पहिल्यांदाच आशियात भरली होती आणि ती भरली होती मुंबईत. पुरुष एकेरीत हंगेरी, इंग्लंडसारख्या युरोपीय देशांच्या खेळाडूंचा दबदबा होता. जपानचा चष्मा लावणारा हिरोजी सातो जिंकेल, असं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

पण सातोच्या बॅटवर इतरांसारखं पातळ दाणेदार रबर नव्हतं, जाड स्पंज होता. या बॅटचा आवाजच यायचा नाही. त्या काळचे खेळाडू 'टॉक-टॉक' आवाजावरून समोरच्याने चेंडू किती जोरात मारलाय याचा अंदाज घ्यायचे. इथे आवाज नाही आणि चेंडू मात्र अपेक्षेपेक्षा कितीतरी वेगाने अंगावर! एकामागून एक नामवंत खेळाडू हरले. अंतिम सामन्यात हंगेरीच्या योझेफ कोचियनला हरवून सातो जगज्जेता झाला.

आणि एक वाद सुरू झाला, जो आजही पूर्णपणे मिटलेला नाही. जिंकतो कोण? खेळाडू की बॅट?

जेवणाच्या टेबलावरून जगभर

टेबल टेनिसचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये झाला. बाहेर लॉन टेनिस खेळता येत नसेल तेव्हा श्रीमंत घरांमधली मंडळी जेवणाच्या टेबलावर त्याची छोटी आवृत्ती खेळायची. १९०० च्या आसपास सेल्युलॉइडचा हलका, पोकळ चेंडू आला आणि खेळाने वेग घेतला. त्याच्या आवाजावरून पडलेलं 'पिंग-पाँग' हे नाव १९०१ मध्ये एका ब्रिटिश कंपनीने ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं. ते नाव सगळ्यांना वापरता येईना, म्हणून अधिकृत नाव झालं टेबल टेनिस.

१९२६ मध्ये आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघ स्थापन झाला आणि त्याच वर्षी लंडनमध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली. त्यात भारताचाही संघ होता. ऑलिम्पिकमध्ये मात्र हा खेळ १९८८ साली, सोलमध्ये पोहोचला.

एक पॉइंट, दोन तास

सुरुवातीच्या बॅटवर वेग आणि फिरकी दोन्ही कमी मिळायचे. त्यामुळे नुसता चेंडू परत करत राहायचं आणि समोरचा चुकण्याची वाट बघायची, हीच अनेकांची युक्ती होती. १९३६ च्या प्राग स्पर्धेत पोलंडचा एर्लिख आणि रोमानियाचा पानेथ यांच्यातला पहिला पॉइंट दोन तासांहून जास्त चालला!

यानंतर नेट खाली आणून १५.२५ सेंटिमीटर उंचीचं करण्यात आलं, सामन्यावर वेळेचं बंधन आलं. त्याचा फटका पुढच्याच वर्षी बसला. १९३७ मध्ये महिला एकेरीचा अंतिम सामना वेळेत संपला नाही, म्हणून दोन्ही खेळाडूंना बाद करून विजेतेपद रिकामं ठेवलं गेलं. अमेरिकेची रूथ ॲरन्स आणि ऑस्ट्रियाची ट्रूडी प्रिट्झी यांना संयुक्त विजेत्या म्हणून जाहीर करायला २००१ साल उजाडावं लागलं.

स्पंजवर बंदी का नाही आली?

सातो पुन्हा कधी एकेरीत जगज्जेता झाला नाही. प्रतिस्पर्ध्यांनी त्याच्या बॅटची सवय करून घेतली. पण स्पंज राहिला. जपानच्याच इचिरो ओगिमुराने १९५४ आणि १९५६ मध्ये जागतिक विजेतेपद पटकावलं आणि आक्रमक खेळ हाच नवा मार्ग आहे हे दाखवून दिलं.

शेवटी १९५९ मध्ये महासंघाने मधला रस्ता काढला. नुसता स्पंज वापरायला बंदी आली, पण स्पंजवर रबर चिकटवलेलं 'सँडविच' चालेल असं ठरलं. त्याची एकूण जाडी ४ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. हा नियम आजही लागू आहे. त्याच वर्षी चीनच्या रोंग ग्वोत्वानने पुरुष एकेरी जिंकून देशाला पहिलं जागतिक विजेतेपद मिळवून दिलं.

१९७१ मध्ये या खेळाने राजकारणातही भूमिका बजावली. जपानमधल्या नागोयाच्या जागतिक स्पर्धेनंतर चीनने अमेरिकेच्या संघाला आपल्या देशात बोलावलं. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष निक्सन चीनला गेले. 'पिंग-पाँग डिप्लोमसी' हा शब्द तिथून आला.

आजचे नियम, थोडक्यात

टेबल २.७४ मीटर लांब, १.५२५ मीटर रुंद आणि ७६ सेंटिमीटर उंच असतं. चेंडूचा व्यास ४० मिलिमीटर आणि वजन २.७ ग्रॅम. गेम ११ पॉइंटचा. प्रत्येकी दोन सर्व्हिसनंतर पाळी बदलते. १०-१० झाल्यावर एकेका सर्व्हिसनंतर पाळी बदलते आणि जिंकायला दोन पॉइंटची आघाडी लागते. सामना साधारणपणे पाच किंवा सात गेमचा असतो.

सर्व्हिस करताना चेंडू उघड्या तळहातावर ठेवून जवळपास सरळ वर, किमान १६ सेंटिमीटर उडवावा लागतो. तो खाली येतानाच मारायचा आणि तोही टेबलाच्या शेवटच्या कडेच्या मागून. समोरच्याला चेंडू सतत दिसला पाहिजे.

सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये किंवा कॉलेजच्या जिमखान्यात हमखास वाद होतात ते या चार गोष्टींवरून:

एक, एकेरीत सर्व्हिस तिरकीच करावी लागते हा गैरसमज आहे. ते बंधन फक्त दुहेरीत, उजव्या अर्ध्या भागातून समोरच्याच्या उजव्या अर्ध्या भागात.

दोन, सर्व्हिस नेटला लागून बरोबर पलीकडे पडली तर 'लेट', म्हणजे पुन्हा सर्व्हिस. पण रॅलीत चेंडू नेटला लागून पलीकडे पडला तर खेळ सुरूच राहतो.

तीन, बॅट धरलेल्या हाताच्या मनगटाखालच्या भागाला लागून चेंडू गेला तरी चालतो. बोटांना लागला म्हणून पॉइंट जात नाही. दुसरा हात टेबलाच्या पृष्ठभागावर टेकला तर मात्र पॉइंट गेलाच.

चार, टेबलाच्या वरच्या कडेला चेंडू लागला तर तो आत, खालच्या उभ्या बाजूला लागला तर बाहेर.

दोन तासांचा पॉइंट आता शक्य नाही. गेम दहा मिनिटांत संपला नाही आणि दोघांचे मिळून १८ पॉइंट झाले नसतील, तर प्रत्येक पॉइंटला सर्व्हिस बदलते. समोरच्याने तेरा वेळा चेंडू बरोबर परतवला की पॉइंट त्याचा.

कोण कसं खेळतं?

बॅट धरण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. हस्तांदोलन करताना हात जसा असतो तशी धरली तर शेकहँड, पेन धरल्यासारखी धरली तर पेनहोल्ड. पेनहोल्डमध्ये मनगट मोकळं राहतं, सर्व्हिस आणि जवळचे फटके छान बसतात, पण बॅकहँड कमजोर पडतो. चीनच्या वांग हाओने बॅटच्या मागच्या बाजूने बॅकहँड मारून ही उणीव भरून काढली आणि २००९ मध्ये जगज्जेतेपद मिळवलं. तरी आज बहुतेक मुलं शेकहँडच शिकतात.

खेळण्याच्या शैली ढोबळमानाने तीन. आक्रमक खेळाडू टॉपस्पिनवर जगतात. चेंडूला खालून वर घासत पुढे फिरकी दिली की तो हवेतून झपकन खाली येतो आणि टप्प्यानंतर पुढे झेपावतो. म्हणूनच तो जोरात मारूनही टेबलावर पडतो. चॉपर टेबलापासून लांब उभे राहून चेंडू खाली कापतात आणि उलटी फिरकी देतात. दक्षिण कोरियाचा जू से-ह्युक याच शैलीवर २००३ मध्ये जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला होता. तिसरा प्रकार ब्लॉकरचा. तो टेबलाला चिकटून उभा राहतो आणि समोरच्याचाच वेग त्याच्यावर उलटवतो.

रबराचा वाद पुन्हा पुन्हा

बॅटच्या दोन बाजूंना वेगवेगळी रबरं लावता येतात. गुळगुळीत रबर चेंडूला पकडून फिरकी देतं. लांब दाण्यांचं रबर समोरच्याचीच फिरकी उलटी करून पाठवतं. अँटी-स्पिन रबरावर तर चेंडू घसरतो, फिरकी फारशी पकडतच नाही. १९८० च्या सुमारास काही खेळाडू दोन्ही बाजूंना एकाच रंगाची, पण वेगळ्या गुणांची रबरं लावायचे आणि हातातल्या हातात बॅट फिरवायचे. चेंडू कोणत्या बाजूने आला हे समोरच्याला कळायचंच नाही. म्हणून दोन्ही बाजू वेगळ्या रंगाच्या हव्यात असा नियम आला आणि १९८६ पासून लाल-काळी जोडी ठरली. २०२१ पासून काळ्यासोबत लालऐवजी काही इतर ठळक रंगही चालतात.

त्यानंतरही बदल होत राहिले. २००० मध्ये चेंडू ३८ वरून ४० मिलिमीटरचा झाला, २००१ मध्ये २१ चा गेम ११ वर आला, २००२ मध्ये सर्व्हिस लपवण्यावर बंदी आली. रबर अधिक उसळतं करणारा, पण आरोग्याला घातक द्रव्यांचा 'स्पीड ग्लू' २००८ मध्ये हद्दपार झाला. २०१४ पासून ज्वलनशील सेल्युलॉइडऐवजी प्लास्टिकचे चेंडू आले.

वेगळ्या रबराने खेळणाऱ्यांना 'बॅटमुळे जिंकतात' हा टोमणा आजही ऐकावा लागतो. भारतात मात्र याच रबरांनी मोठे विजय मिळवून दिलेत. मनिका बत्रा बॅकहँडला लांब दाण्यांचं रबर वापरते आणि २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने महिला एकेरीचं सुवर्ण जिंकलं. अयहिका मुखर्जीने २०२४ मध्ये बुसानच्या जागतिक सांघिक स्पर्धेत अँटी-स्पिन रबराच्या जोरावर जगातल्या अव्वल क्रमांकाच्या सुन यिंगशाला हरवलं.

ही रबरं दुकानात कुणालाही विकत मिळतात. ती लावली म्हणून जगातली पहिली खेळाडू हरत नाही. मंद आणि विचित्र येणारा चेंडू नेमका कुठे टाकायचा, बॅट कधी फिरवायची, हे वर्षानुवर्षं सराव करूनच जमतं. सातोच्या हातातला स्पंजही नंतर सगळ्यांना मिळाला, पण त्याचं पुढे काय करायचं हे ओगिमुरासारख्यांना शोधून काढावं लागलं.