‘पॅडी’ : एका शब्दाचे तूस आणि दाणा

आडुतुरै हे कुंभकोणमहून मायिलाडुतुरैकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील कावेरीकाठचे एक लहानसे गाव. शेतकी खात्यांत त्याचे नाव दूरवर परिचित आहे, ते तेथील भात संशोधन केंद्रामुळे. १९२२ साली स्थापन झालेल्या या केंद्राला १९८५ साली तमिळनाडू भात संशोधन संस्थेचे रूप मिळाले. जपानी व भारतीय भातांच्या संकरातून सिद्ध झालेले ‘ए. डी. टी. २७’ हे वाण १९६० नंतरच्या दशकात येथूनच बाहेर पडले. या परिसरातील सरकारी कागदपत्रांत एक इंग्रजी शब्द पदोपदी भेटतो : ‘पॅडी’. हा शब्द मूळचा इंग्रजी नव्हे; आणि त्याच्या इतिहासात आपल्या ‘भात’ या शब्दालाही स्थान आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

इंग्लंडात भात पिकत नाही. तेथे पोहोचे तो कांडलेला तांदूळ. त्यामुळे पिकाला, दाण्याला आणि शिजलेल्या अन्नाला ‘राइस’ हा एकच शब्द पुरे. व्यापारी पूर्वेकडील बेटांत आले तेव्हा ही अडचण उघड झाली. तुसासकट माल घ्यायचा की तुसाविना, हे ठरल्यावाचून भाव ठरेना! मलायी भाषेत भाताला ‘पाडी’ म्हणतात. सतराव्या शतकात तो शब्द इंग्रजांनी उचलला व तुसासकट दाण्यासाठी रूढ केला. आयरिश माणसाला थट्टेने ‘पॅडी’ म्हणतात तो शब्द निराळा. तो ‘पॅट्रिक’ या नावावरून आला.

परंतु हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर याच अर्थाने ‘बॅटी’ असा दुसरा शब्द इंग्रज लिहीत असत. तो कानडी ‘भत्त’ व मराठी ‘भात’ यांच्या कुळातला. उच्चार जवळचे आणि अर्थ एकच, म्हणून ‘पॅडी’ आपल्याकडे रुजण्यास या शब्दाने हातभार लावला असावा, असे मत ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या कोशात मांडले आहे. त्याचे कर्ते दोन : हेन्री यूल आणि आर्थर कोक बर्नेल. पैकी बर्नेल हे तंजावरचे जिल्हा न्यायाधीश होते. भोसले राजांनी जतन केलेल्या तंजावरच्या राजवाड्यातील संस्कृत हस्तलिखितांची सूची त्यांनीच तयार केली. कोश छापून होण्यापूर्वी, १८८२ साली, ते निवर्तले. ज्या भूमीत १८५५ पर्यंत मराठी राजघराणे नांदले, तेथील न्यायाधीशाच्या कोशात आपला ‘भात’ नोंदला गेला, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

‘भात’ संस्कृत ‘भक्त’ या शब्दावरून आला. ‘भज्’ म्हणजे वाटणे. ‘भक्त’ म्हणजे वाटून दिलेले, म्हणून अन्न. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘भक्तवेतन’ असा शब्द येतो : शिधा आणि पगार. कानडी ‘भत्त’ या शब्दावरूनच कंपनीच्या फौजेतील ‘बॅटा’, म्हणजे शिपाई व अधिकारी यांना पगाराशिवाय मिळणारी रक्कम, हा शब्द निघाला असावा, असेही हा कोश सांगतो. १७६६ साली क्लाइव्हने दुहेरी बॅटा बंद केला, तेव्हा बंगालच्या फौजेतील गोऱ्या अधिकाऱ्यांनी सामुदायिक राजीनाम्यांचा घाट घातला होता. आम्हा केंद्र सरकारच्या नोकरांना ही कथा सहज समजेल. महागाई भत्त्याच्या आदेशाची वाट पाहणारा कारकून नकळत आपला शिधाच मागत असतो!

‘पॅडी’चा प्रवास मात्र येथे थांबला नाही. ‘पॅडी फील्ड’ म्हणजे भाताचे खाचर. पुढे ‘फील्ड’ गळून पडले आणि पाश्चात्त्य वाचकाच्या मनात ‘पॅडी’ म्हणजे पाण्याने भरलेले शेत, एवढेच उरले. दाण्यासाठी आलेला शब्द दाणाच विसरला.

आडुतुरैच्या शेतकऱ्याला ही चैन परवडणारी नाही. सरकारचा हमीभाव ठरतो तो ‘पॅडी’चा, शिधावाटप दुकानात मिळतो तो ‘राइस’. सरकारी हिशेबाने १०० किलो भातापासून ६७ किलो कच्चा तांदूळ किंवा ६८ किलो उकडा तांदूळ मिळाला पाहिजे. बाकी तूस व कोंडा. दाण्यात ओलावा १७ टक्क्यांहून अधिक नसावा, असा दंडक आहे. ऐन काढणीत पावसाने गाठले की खरेदी केंद्राबाहेर रास ओली होते, आणि या एका आकड्यापायी शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो. तमिळ माणूस नेल, अरिसी आणि सोरु हे तीन शब्द कधी एकमेकांत मिसळू देत नाही, त्याचे मर्म येथे आहे. इंग्रजी पुस्तके तंजावरला दक्षिणेचा ‘राइस बाउल’ म्हणतात. तमिळ लोक म्हणतात ‘नेर्कळंजियम’, म्हणजे तुसासकट धान्याचे कोठार. एकाची दृष्टी खाणाऱ्याची, दुसऱ्याची पिकवणाऱ्याची.

मराठीतही साळ, तांदूळ, भात अशा तीन पायऱ्या आहेत. कोकणात व मावळात तर ‘भात’ शेतात लावतात, उखळात कांडतात आणि पानातही वाढतात. कोणता भात, हे क्रियापदावरून कळते. घरापासून दूर वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या तोंडी मात्र आता सर्वांसाठी एकच ‘राइस’ उरत चालला आहे. ज्या उणिवेपायी इंग्रजांनी परक्यांकडून शब्द मागून घेतला, तीच उणीव आपण आपल्या घरात आणू लागलो आहोत. शाळेत मुलांनी ‘पॅडी’ जरूर लिहावे. पण बांधावरची साळ, सुपातले तांदूळ आणि पानातला वाफाळता भात ही तीन नावे जेवताना त्यांच्या कानांवर पडत राहिली, तर मंडळाच्या पन्नास वर्षांच्या खटाटोपाचे चीज झाले असे म्हणता येईल.